कणा मोडला म्हणून माणूस संपत नाही

"कंबरेतून गेला, आता काय उरलंय त्याचं?" हे वाक्य आपल्या वस्त्यांतून किती सहज बोलले जाते! परांचीवरून पडलेला रंगारी असो, झाडावरून घसरलेला गडी असो, की ट्रकने उडवलेला मोटारसायकलवाला तरुण असो. पाठीच्या कण्याला मार बसून पाय गेले की शेजारीपाजारी, नातेवाईक आणि कधी कधी घरचीच माणसे त्याला जिवंतपणी वजा करून टाकतात. मी कारकुनी करणारा, हिशोबाचा माणूस आहे. वजाबाकी केली की बाकी लिहावी लागते, हे मला नोकरीने शिकवले. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या खात्यावर बाकी काय राहते आणि फिजिओथेरपीने ती कशी वाढवता येते, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मणका मोडणे आणि मज्जारज्जू दुखावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मणके म्हणजे हाडे. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत मज्जारज्जू उतरतो. जाडीला तो साधारण करंगळीएवढा, पण विजेच्या तारांच्या जुडग्याप्रमाणे शरीराचे सगळे निरोप त्यातून ये-जा करतात. मोडलेला मणका डॉक्टर सळ्या आणि स्क्रू घालून बसवतात. आतल्या तारा मात्र कोणालाही शिवता येत नाहीत. म्हणून "ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, मग पाय का हलत नाहीत?" असा प्रश्न घरोघर पडतो, आणि डॉक्टरने फसवले अशी समजूत होते. मानेत इजा झाली तर हात-पाय दोन्ही जातात आणि श्वासही कमजोर होतो. छातीच्या किंवा कंबरेच्या भागात झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. दोन्ही प्रकारांत लघवी-संडासवरचा ताबा आणि कातडीची जाणीव जाऊ शकते. रज्जू थोडासा शाबूत असेल तर बरेच परत येते. जे परत यायचे त्यातले बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात येते, पुढे वेग मंदावतो.

अपघात हेच एक कारण नाही. मणक्याचा क्षय हेही आपल्या वस्त्यांतले मोठे कारण आहे. महिनोन्महिने पाठ दुखते, बारीक ताप येतो, वजन घटते. माणूस बाम चोळत कामावर जात राहतो आणि एके दिवशी पाय लटपटू लागतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर गेलेले पाय पुष्कळदा परत येतात. तेव्हा अशी पाठदुखी अंगावर काढू नये.

अपघाताच्या जागी आपण काय करतो, तेही पाहा. चौघे धावतात, कोणी बगलेत हात घालतो, कोणी पाय धरतो, आणि माणसाला रिक्षात दुमडून कोंबतात. हेतू चांगला, पण उरलासुरला रज्जू त्या दुमडण्यात जाऊ शकतो. जागा धोक्याची नसेल तर माणसाला हलवू नये, मान-डोके जसे आहे तसे दोन्ही हातांनी धरून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. हलवणे भागच पडले तर दार किंवा फळी आणावी आणि डोके, पाठ, पाय एका रेषेत ठेवून, ओंडका फिरवतात तसे तिघाचौघांनी मिळून त्याला त्यावर घ्यावे.

दोन तासांची कूस

दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण जगत नसत. पाय गेले म्हणून ते मरत नव्हते. पाठीच्या जखमा सडून आणि मूत्रपिंडात पू होऊन ते मरत. हिटलरच्या छळातून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गटमन यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्यांच्याकडे कोणते चमत्कारी औषध नव्हते. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, लघवीची स्वच्छता काटेकोर ठेवायची, आणि अंथरुणातून बाहेर काढून व्यायामाला, कामाला, खेळाला लावायचे, हा त्यांचा उपचार. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी आपल्या अंगणात १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा चाकाच्या खुर्चीवरून घेतली. त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पहिले पॅरालिम्पिक भरले.

आणि त्या पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक कोणी आणले? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी. सैन्यातले हे मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, एक गोळी मणक्यात अडकली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. पाण्यात अंगाचे वजन हलके होते आणि कमजोर स्नायूलाही काम करता येते, हे फिजिओथेरपीचे जुने सूत्र आहे. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केले. सरकारला त्यांची आठवण २०१८ साली पद्मश्री देताना झाली, ही गोष्ट वेगळी.

पण प्रत्येकाने पदकच आणावे असे नाही. मला डॉ. मेरी वर्गीस यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या या तरुण डॉक्टरचा १९५४ साली मोटार अपघात झाला आणि कंबरेखालचे अंग गेले. त्या चाकाच्या खुर्चीवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे परदेशी जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या आणि परतल्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली वेल्लोरला त्या शास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. जी गरज स्वतःला पडली तीच त्यांनी हजारोंसाठी भागवली.

रंगाऱ्याची गोष्ट

आता आपल्या घरातले बोलू. आमच्या वस्तीतला एक रंगारी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. वय बत्तीस, दोन मुले. छातीच्या खालच्या भागात रज्जूला मार. एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झाले आणि टाके काढून त्याला घरी पाठवले. कूस बदला, फिजिओला दाखवा, असे कोणी धड समजावून सांगितले नाही. सांगितले असेल तर ते कागदावर इंग्रजीत होते. तीन आठवड्यांत माकडहाडावर मूठभर जखम झाली. टाचा काळ्या पडल्या. पावले खाली झुकून ताठ झाली.

त्यात एक दिवस त्याची बायको धावत आली, "भाऊ, पाय हलला हो! आपोआप हलला!" घरात पेढे आले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी मालिशवाला गाठून दिला. त्याने "नस मोकळी होतेय" म्हणून एकवीस दिवसांचा ठेका घेतला आणि वहिनींची पोत गहाण पडली.

तो पाय का हलला, हे मला नंतर महापालिकेच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावून सांगितले. इजेच्या खालचा रज्जू जिवंत असतो, पण मेंदूचा त्याच्यावरचा लगाम सुटलेला असतो. पायाला चादर लागली, मूत्राशय भरले, तरी तो आपल्या आपण स्नायूला झटका देतो. हा झटका म्हणजे सुधारणा नव्हे. "हलव" म्हटल्यावर हलला, दहा वेळा म्हटल्यावर निदान काही वेळा हलला, तर ती सुधारणा. आणि झटके एकाएकी वाढले तर कुठे तरी जखम, मूतखडा किंवा लघवीत जंतू आहेत काय ते शोधावे, कारण ज्याला दुखणे कळत नाही त्याचे शरीर असेच ओरडते.

जोरकस मालिश तर घातकच. पायांवर भार नसल्याने हाडे ठिसूळ होतात, जोराने वाकवले तर मोडतात आणि रुग्णाला कळतही नाही. एक पाय अचानक सुजला, गरम लागला तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली तर फुफ्फुसात जाऊन जीव घेऊ शकते. अशा वेळी पाय चोळायचा नाही, थेट रुग्णालय गाठायचे. मालिशवाल्याचे सोडा, आता मूलपेशींची इंजेक्शने लाखांच्या भावाने विकणारे सुटाबुटातले लोक आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मज्जारज्जूच्या इजेवर असा उपचार मान्य नाही, तो फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनापुरता आहे. घर विकून इंजेक्शन घेण्यापूर्वी हे माहीत असावे.

तर त्या बाईंनी काय केले? पहिल्या दिवशी त्यांनी रुग्णाकडे कमी आणि बायको, भाऊ, म्हातारी आई यांच्याकडे जास्त लक्ष दिले. घोटा, गुडघा, खुबा हा प्रत्येक सांधा हळूहळू पूर्ण फिरवायचा, दिवसातून दोनदा, न चुकता. पावलांच्या तळव्यांना आधार देऊन ती काटकोनात ठेवायची. जखम भरेपर्यंत पाठीवर झोपायचे नाही. कुशीवर, आणि जमेल तेव्हा पोटावर; पोटावर झोपल्याने खुबे आखडत नाहीत. जखम भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत बसणे नाही, म्हणजे बाकीचे काही नाही. हिशोब मांडून पाहिला तर कूस बदलायला खर्च शून्य आणि एका जखमेची किंमत चार महिने.

मग खरे शिक्षण सुरू झाले. पाय गेलेल्या माणसाला आधी बसायला शिकावे लागते, हे आपल्या लक्षात येत नाही. कंबरेच्या खालचे काही कळत नसेल तर तोल कसा राखणार? आरशासमोर बसवून, हात वर करायला लावून, चेंडू फेकून झेलायला लावून तो तोल डोळ्यांनी आणि खांद्यांनी राखायला शिकवतात. सोबत हातांची ताकद. जिममधल्या डंबेल्सवाचून अडत नाही. वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर आमच्या रंगाऱ्याचे दंड तयार झाले. नंतर खाटेवरून खुर्चीवर सरकणे. सुताराने दोन फूट लांबीची, कडा घासून गुळगुळीत केलेली फळी करून दिली. खाट आणि खुर्ची एका उंचीची केली, मधे फळी ठेवली, की माणूस हातांवर वजन घेऊन सरकतो. ज्या दिवशी तो कोणालाही हाक न मारता खुर्चीवर गेला त्या दिवशी वहिनी रडल्या. पेढे आणायचा दिवस खरे तर तो होता!

कॅलिपर घालून, वॉकर धरून तो उभाही राहतो. सांधे मोकळे राहतात आणि मुलांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येते. पण छातीच्या भागातली इजा पुरती असेल तर कॅलिपरवर चालायला इतका दम लागतो की रस्त्यावर बहुतेक जण खुर्चीच पसंत करतात. काही घरांत खुर्चीची लाज वाटते, "खुर्ची घेतली म्हणजे हरलो" असे म्हणतात. चष्मा लावला म्हणून डोळे हरतात काय? खुर्ची मात्र मापाची हवी. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, मणका वाकतो, एका बाजूला जखम होते. आणि खांदे जपावेत. ज्याचे पाय खांद्यात आले आहेत त्याचा खांदा दुखावला तर तो दुसऱ्यांदा पंगू होतो.

मानेतल्या इजेची गोष्ट निराळी आहे, पण तिथेही हात टेकण्याचे कारण नाही. मनगट वर उचलता येते पण बोटे हलत नाहीत, असे काहींचे होते. अशा वेळी बोटे थोडी आखडलेली राहू देतात. मनगट वर केले की बोटे आपोआप मिटतात, खाली केले की उघडतात. या युक्तीने माणूस पेला धरतो, चमचा धरतो, मोबाइल वापरतो. प्रेमापोटी घरच्यांनी ती बोटे रोज ताणून सरळ केली तर ही पकड कायमची जाते. म्हणून कोणता सांधा ताणायचा आणि कोणता नाही, हे जाणकाराला विचारल्याशिवाय ठरवू नये.

लाजेने न बोललेल्या गोष्टी

कातडी रोज पाहावी. हातात छोटा आरसा घेऊन रुग्णाने स्वतः पाहावी. पुस्तकात लिहितात, लाल डाग दिसला तर सावध व्हा. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघावे. जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा अधिक काळपट वाटली तर तिच्यावरचा भार ताबडतोब काढावा. खुर्चीवर बसलेल्याने दर अर्ध्या तासाला पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटे बूड मोकळे करावे. चहाचे गरम पातेले मांडीवर ठेवू नये, शेकोटीजवळ पाय पसरू नयेत. भाजते आणि कळत नाही.

लघवीची कायमची नळी म्हणजे जंतूंना उघडे दार. ज्यांना जमते त्यांनी चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करायला डॉक्टर किंवा नर्सकडून शिकून घ्यावे. मूत्रपिंड वाचवण्याचा हा फार चांगला मार्ग आहे. पाणी कमी पिऊन लघवी टाळण्याची चूक करू नये. संडासची एक वेळ ठरवावी, शक्यतो चहा-न्याहारीनंतर. आतडी सवयीची गुलाम असतात. या गोष्टी बोलायला लाज वाटते म्हणून माणसे घरातून बाहेर पडत नाहीत, लग्नाला जात नाहीत, कामावर जात नाहीत. ठरलेल्या वेळी पोट साफ झाले की दिवस मोकळा होतो. पाय परत येण्यापेक्षा हे जमले तर बरे, असे मला एकाहून अधिक रुग्णांनी सांगितले आहे.

एक धोका मानेतल्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेच्या रुग्णांनी पाठ करून ठेवावा. एकाएकी डोके फुटेल असे दुखू लागले, तोंडावर घाम फुटला, चेहरा तापला तर रक्तदाब भयंकर वाढलेला असू शकतो. ताबडतोब उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे काय ते पाहावे आणि विनाविलंब डॉक्टर गाठावा. उन्हाळ्यात याच रुग्णांना अंगाला पुरेसा घाम येत नाही, पत्र्याच्या घरात ते तापतात. ओले फडके, पाणी, पंखा यांत हयगय नको.

बायकांविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. पुरुष पडला तर बायको त्याचे सगळे करते. बाई पडली तर तिला माहेरी पोहोचवून येणारे मी पाहिले आहेत. "आता हिचा संसार संपला" हे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. इजेनंतर काही महिन्यांत पाळी बहुधा पूर्ववत होते, मूल होऊ शकते. बाळंतपणात डॉक्टरांची जास्त देखरेख लागते, एवढेच. फिजिओच्या बाकावर रांगेत पुरुष दहा आणि बाई एक दिसते, याचे उत्तर घराने द्यायचे आहे.

कागदपत्रे

हे माझे रोजचे काम म्हणून थोडक्यात. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढावे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण आणि इतर सवलती लागू होतात. केंद्राच्या एडिप योजनेत खुर्ची, कॅलिपर मिळतात. कामावर पडला असेल तर नुकसानभरपाईचा हक्क कामगाराला १९२३ सालापासून आहे, माणूस ठेकेदाराचा असला तरी. ठेकेदार दहा हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. तो देऊ नये. हजेरीचा पुरावा आणि पोलिसांचा जबाब जपून ठेवावा आणि दोन वर्षे उलटण्यापूर्वी दावा करावा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ सालापासून आहे. लांबच्या माणसाने जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी विभाग विचारावा.

आमचा रंगारी आता छोटी रंगकामाची कंत्राटे घेतो. भिंतींचे चौरस फूट तोच काढतो, रंगाचे प्रमाण तोच सांगतो, रिक्षाने जाऊन खालून काम बघतो. कामावरच्या पोरांना कंबरेचा पट्टा बांधल्याशिवाय वर चढू देत नाही, यावरून त्याची भांडणेही होतात. सकाळी सहा वाजता त्याचे सांधे फिरवणे सुरू होते. आता मोठा मुलगा ते करतो आणि करता करता पाढे म्हणतो.

अडते ते उंबऱ्याला. एक इंच उंचीला एक फूट उतार, हे खुर्चीच्या उताराचे माप. सहा इंचांच्या उंबऱ्याला सहा फुटांचा उतार आम्ही त्याच्या दारात बांधला. तेव्हा गल्ली अडते म्हणून दोन घरांनी तक्रार केली. आता त्यांचीच सायकल आणि गॅसची टाकी त्यावरून चढते. वस्तीच्या समाजमंदिराला सात-सात इंचांच्या चार पायऱ्या आहेत. म्हणजे २८ इंच, म्हणजे २८ फुटांचा उतार, मधे वळण घेऊन. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा आहे, त्यातून तो मागितला आहे. माप रंगाऱ्याने घेतले, अर्ज मी लिहिला, वॉर्ड कार्यालयाचा आवक क्रमांक आमच्याकडे आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचे आहे, दोघांनी.